आंबट एक, शब्द तीन

आंबटढाण कैरी, आंबूस झालेलं दूध आणि आंबटगोड चटणी यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. इंग्रजी बोलताना मात्र तिन्हींना ‘सावर’ म्हणून आपण मोकळे होतो.

इंग्रजीतही आंबटासाठी निदान तीन शब्द आहेत. ‘सावर’ हा त्यांतला सर्वांत व्यापक. लिंबू ‘सावर’ आणि नासलेलं दूधही ‘सावर’च, त्यामुळे कौतुक आहे की तक्रार, हे संदर्भावरून कळतं. ‘टार्ट’ म्हणजे स्वच्छ, धारदार आंबटपणा. हिरवं सफरचंद ‘टार्ट’ असतं, नासलेलं दूध नाही. ‘टँगी’मध्ये चटपटीतपणा येतो. चिंचेच्या चटणीला तोच शोभतो.

तिखटाच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. ‘स्पाइस’ म्हणजे मसाला. म्हणून दालचिनी-लवंग घातलेला, मिरचीचा कणही नसलेला केकसुद्धा ‘स्पाइसी’ ठरतो. ‘स्पाइसी’ तिखटासाठीही सर्रास चालतो. पण जाळ सांगायचा तर ‘हॉट’ नेमका. त्यामागे शरीराचं कारण आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसपुढच्या उष्णतेने जो ग्राही (रिसेप्टर) जागा होतो, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही होतो. १९९७ मध्ये तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकातलं नोबेल विभागून मिळालं. ‘पंजंट’ हा शब्द रोजच्या बोलण्यात बहुधा उग्र वासासाठी येतो: हिंग, ठेचलेला लसूण. शास्त्रज्ञ मात्र मिरचीच्या तिखटपणालाही तोच शब्द वापरतात.

कारलं ‘बिटर’, पण सुपारी आणि कच्चं केळं ‘ॲस्ट्रिंजंट’. कडू ही जिभेची चव. तुरटपणा हा स्पर्श. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि तोंड कोरडं, आवळल्यासारखं होतं. कडक कोऱ्या चहात दोन्ही भेटतात.

‘टेस्ट’ आणि ‘फ्लेव्हर’ यांच्यामध्ये उभं आहे नाक. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या जिभेला कळणाऱ्या ‘टेस्ट’; त्यांत गंध मिसळला की ‘फ्लेव्हर’. नाक दाबून बडीशेप चावून पाहा: गोडवा उरतो, बडीशेप ओळखू येत नाही. आणि जेवणाला ‘टेस्टफुल’ म्हणू नका. तो शब्द अभिरुचीचा, घराच्या सजावटीला किंवा पोशाखाला लावायचा. जेवण ‘टेस्टी’.

शब्द निवडण्याआधी एवढंच विचारावं: हे जिभेला कळलं, नाकाला कळलं, की तोंड भाजलं किंवा आवळलं? उत्तर मिळालं की पाठ केलेल्या याद्यांची गरज फारशी उरत नाही.