शिक्षणशुल्काची सवलत आणि शेतकऱ्याचा हंगाम

मृगाचा पाऊस झाला की नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याजवळ असेल नसेल ती रोकड बी-खतात जाते. नेमक्या त्याच सुमारास बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा प्रश्न दाराशी उभा राहतो. सोयाबीन आडतीवर जाणार दसरा-दिवाळीच्या सुमारास. महाविद्यालयास शुल्क हवे श्रावणापूर्वी. मधल्या तीन महिन्यांसाठी जी उचल घ्यावी लागते, तिचे व्याज हाही शिक्षणाचाच खर्च होय. परंतु तो कोणत्याही सरकारी तक्त्यात आम्हांस आढळत नाही.

निजामी अमदानीत उच्च शिक्षणासाठी येथील मुलांस बहुधा हैदराबादेची वाट धरावी लागे, व तेथील विद्यापीठात शिकविले जाई उर्दूतून. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, १९६१ साली लातुरास दयानंद महाविद्यालय आले आणि १९९४ पासून नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ आहे. अंतर असे तुटले. पैशाचा प्रश्न मात्र राहिला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली वार्षिक ९०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांस शुल्कमाफी मिळाली. पुढे ही मर्यादा १,२०० झाली. जुनी मंडळी जिला ई.बी.सी. म्हणतात ती हीच.

आज ती सवलत राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने चालते. उत्पन्नाची मर्यादा आठ लक्ष रुपये असल्यामुळे आपल्या कोरडवाहू भागातील फारच थोडी कुटुंबे तिच्याबाहेर राहतील. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलग्यांस शिक्षणशुल्क निम्मे माफ होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता २०१६ पासून निराळा आहे.

हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु या सवलती शासन निर्णयांवर उभ्या आहेत, आणि रक्कम अमुक तारखेस न पोहोचल्यास कोणी जबाब द्यावा हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. महाविद्यालयाने किती शुल्क घ्यावे, यावर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१५ साली झाला. दाखला किती दिवसांत द्यावा, यासाठी लोकसेवा हक्क अधिनियमही त्याच वर्षी झाला, व विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. उत्पन्नाच्या दाखल्यास मुदत आणि ज्या रकमेसाठी तो दाखला काढावयाचा तिला मुदत नाही, हा न्याय आम्हांस उमगत नाही. पेरणी साधली नाही तर पुढे कितीही पाऊस पडून काय उपयोग, हे मंत्रालयात कोणी न सांगितले तरी शेतकऱ्यास ठाऊक आहे. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता सत्रारंभापासून ठरावीक दिवसांत मिळालाच पाहिजे, असे कायद्यात लिहून घ्यावे. आमदारांकडे रस्ते-पुलांच्या जोडीने हीही मागणी करण्यास आपल्या मंडळींस हरकत नसावी.

तोवर आपल्या हातचे आपण करावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवावा; जून-जुलैत सेतू केंद्रांवर रीघ लागते. मुलाचे बँकेतील खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे पाहावे, कारण पैसा त्याच वाटेने येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमास केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच जागा घ्यावी. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांस पैसे भरून झाल्यावर कळते. सवलत कुटुंबातील दोन अपत्यांपुरती आहे, हेही ध्यानी असावे. दाखल्याचा अर्ज दिला की पोच मागून घ्यावी. काम किती दिवसांत व्हावयाचे ती तारीख तीवर असते, आणि पुढे अपील करावयाचे झाल्यास तोच कागद दाखवावा लागतो.