उंबरठ्याशी जरा थांबा!

ट्रेकला किंवा कॉलेजच्या सहलीला गेलात की वाटेत एखादं जुनं दगडी मंदिर लागतंच. आपण काय करतो? चपला काढतो, शिखराचा फोटो घेतो, घंटा वाजवतो आणि थेट गाभाऱ्याकडे. पुढच्या वेळी एक करा. गाभाऱ्याच्या दारात दोन मिनिटं थांबा आणि खाली बघा.

यादवकाळातल्या, म्हणजे साधारण १२व्या-१३व्या शतकातल्या कित्येक मंदिरांत उंबरठ्यावर एक चेहरा कोरलेला दिसेल. बटबटीत डोळे, विचकलेले दात, धड गायब. हा कीर्तिमुख. पुराणातली त्याची गोष्ट भन्नाट आहे. राहूला खाण्यासाठी शंकराने एक प्राणी निर्माण केला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं. मग भुकेल्या प्राण्याने खायचं काय? शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने खाल्लं, फक्त तोंड उरलं! खूश होऊन शंकराने त्याला दारावरचा मान दिला.

आता चौकट बघा. एकात एक बसवल्यासारख्या उभ्या पट्ट्या म्हणजे द्वारशाखा. तळाशी द्वारपाल; काही ठिकाणी मकरावर गंगा आणि कासवावर यमुना. त्यांच्यामधून जाणारा जणू स्नान करूनच आत जातो. वर मधोमध ललाटबिंब, आपल्याकडे बहुधा गणपती. एवढा थाट का? कारण बाहेरचं जग इथे संपतं आणि देवाचं सुरू होतं.

पण हे ‘आत’ सगळ्यांसाठी होतं का?

त्यासाठी पंढरपूरला जायला हवं. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्याला लागावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, असं वारकरी परंपरा सांगते. आज भाविक त्या पायरीवर पाय न ठेवता ती ओलांडून जातात. समोरच चोखोबांची समाधी आहे. महार म्हणून त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, त्या दाराबाहेरच विसावल्या.

दोघंही संत, दोघंही दाराशी. एकाने ती जागा निवली, दुसऱ्याला तिथे थांबवलं गेलं.

हे दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं आणि दार उघडलं. चोखोबांना जाऊन तेव्हा ६०९ वर्षं झाली होती.

तेव्हा पुढच्या वेळी दारातलं कोरीवकाम बघाच. आणि हे दार कोणासाठी कधी उघडलं, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा. फोटो काय, नंतरही काढता येतो.