सीमाभागातील रुग्ण आणि विम्याचे राजकारण

निपाणीजवळच्या एका खेड्यातील पन्नाशीचे गृहस्थ 2024 च्या जानेवारीत माझ्याकडे आले. चालताना छातीत भरून येते, डाव्या हाताला कळ जाते, ही तक्रार. अकरा दिवस झाले होते. इतके दिवस काय केले, असे विचारले तर म्हणाले, "फुल्यांच्या नावाची योजना आमास्नी बी लागू झाली म्हणत्यात. आता केंद्रंच बंद केली म्हणं. काय ते ठरंपतूर थांबावं म्हटलं." कार्डिओग्राममध्ये बदल दिसत होते. थांबण्यासारखी स्थिती नव्हती.

त्यांचा गोंधळ कसा झाला, हे वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोल्हापूरला ती मिळाली नोव्हेंबर 2013 मध्ये, दुसऱ्या टप्प्यात. सुरुवातीला सरकार विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये हप्ता भरत असे आणि कुटुंबाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत मिळत. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि पुढे दोन्ही एकत्र चालू लागल्या. जुलै 2024 पासून मर्यादा पाच लाखांची झाली.

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने ही फुले योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचे ठरवले आणि त्यासाठी 54 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. बेळगाव, कारवार, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील ही गावे. महाराष्ट्र त्यांच्यावर हक्क सांगतो आणि 2004 पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी लगेच विरोध केला. आमच्या हद्दीत दुसऱ्या राज्याने विमा देणे म्हणजे संघराज्याच्या चौकटीवर घाला, असा त्यांचा मुद्दा. गंमत अशी, की त्या वेळी दोन्ही राज्यांच्या सत्तेत भाजप होता. मे महिन्यात तिकडे काँग्रेसचे सरकार आले, तरी विरोध कायम राहिला. जानेवारी 2024 मध्ये बेळगावात योजनेचे अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद केली. मराठी संघटनांनी निषेध केला, वृत्तपत्रांत मथळे झळकले. आमच्या गृहस्थांच्या अकरा दिवसांची सुरुवात तिथे आहे.

कर्नाटकचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. योजनेच्या मदतीबरोबर हक्काचा दावाही पोहोचतो, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना ठाऊक आहे. पण निपाणीहून कोल्हापूर तासाभराचे, बेळगाव त्याहून लांब. सीमाप्रश्न निर्माण होण्याच्या आधीपासून तिकडचे रुग्ण कोल्हापूरला येत आलेले आहेत. केंद्र बंद झाले म्हणून एस.टी. रिकामी आली नाही.

या भांडणात एक साधी गोष्ट लोकांना कोणी सांगितलीच नाही. कर्नाटकची स्वतःची योजना आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, 2018 पासूनची. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. इतरांना खर्चाचा तीस टक्के भाग मिळतो. तातडीचा आजार नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, ही त्यातली अडचण. शिवाय ज्यांचे नाव केंद्राच्या यादीत आहे, त्यांना दुसऱ्या राज्यातील संलग्न हॉस्पिटलमध्येही उपचार मिळू शकतात. मात्र राज्याने आपल्या खर्चाने वाढवलेल्या कुटुंबांना ही सोय मिळेलच असे नाही. कार्ड तेच दिसते, नियम वेगळा. म्हणून विचारल्याशिवाय गृहीत धरू नये.

आमच्या गृहस्थांच्या घरी कार्ड होते. मुलाला गावी पाठवून आणवले. हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव यादीत सापडायला अर्धा तास लागला. दोन दिवसांनी अँजिओप्लास्टी झाली. हृदयाचा काही भाग मात्र कायमचा दुबळा झाला आहे, आता जड काम वर्ज्य. तंबाखूचे शेत मुलगा पाहतो.

दोन्ही योजनांत मुख्यतः दाखल होऊन घ्यायचे उपचार येतात. रक्तदाबाची रोजची गोळी, साधा ताप, बाहेरची तपासणी यांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. संलग्न हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, दाखल होण्यापूर्वी त्याला भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड मूळ न्यावे. आधी पैसे भरून नंतर परतावा मिळेल, या भरवशावर राहू नये, योजना बिनरोकड आहे. शंका असल्यास महाराष्ट्राच्या योजनेसाठी 155388 आणि आयुष्मान भारतसाठी 14555 या क्रमांकांवर विचारता येते. छातीत दुखत असेल तर मात्र आधी दवाखाना गाठावा, फोन घरच्या दुसऱ्या माणसाने करावा.