घर सोडवण्याची मुदत

धाडसारख्या गावात शेताचा सातबारा आणि घराचे कागद एकाच पेटीत, एकाच फडक्यात बांधलेले असतात. कायदा मात्र दोहोंत भेद करतो. २००२ च्या ‘सर्फेसी’ कायद्याने बँकेला दिवाणी कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेण्याची मुभा दिली. त्यातून शेतजमीन वगळली, गावठाणातले घर नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जाला हा कायदा लागत नाही खरा, पण तेवढ्यात हल्ली घराचा ओटा तरी होतो का?

हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर ताबा. म्हणजे सारा खेळ पाच महिन्यांचा. सोयाबीन-कापसावर जगणाऱ्याच्या हाती पैसा हंगामाला येतो. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा!

कर्जाचे अरिष्ट आले की कायद्याने ऋणकोला सवड द्यावी, हे आपल्याला नवे नाही. १८७५ मध्ये सुप्याला कर्जरोखे जळाले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कोर्टाने कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, कर्जापायी कैद नको, असे त्यात होते. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगरसाठी. धाड तेव्हा वऱ्हाडात.

२००८ नंतर इतरांनीही तेच केले. अमेरिकेत १२० दिवसांच्या थकबाकीआधी घरजप्तीची कारवाई सहसा सुरू करता येत नाही, आणि कर्जदाराची ऐपत तपासणे २०१० च्या कायद्याने सावकारावरच टाकले. स्पेनमध्ये घर गेले तरी उरलेले कर्ज मानगुटीवर राही. तिथल्या २०१९ च्या कायद्यानुसार कर्जाच्या पहिल्या निम्म्या काळात बारा हप्त्यांइतकी किंवा कर्जाच्या तीन टक्के थकबाकी झाल्याखेरीज सगळे कर्ज एकदम मागता येत नाही.

आणि आपण? १८८२ पासून गहाण सोडवून घेण्याचा हक्क विक्री होईपर्यंत टिके. २०१६ च्या दुरुस्तीने तो, ‘सर्फेसी’खाली, लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच ठेवला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. जगाने मुदत वाढवली, आपण कमी केली. माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्यालाही हे पटत नाही.

नोटीस आलीच तर ती देवळीत ठेवू नका. लेखी हरकत द्या. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावेच लागते. ताब्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. फक्त ते बुलढाण्यात नाही.