वेलीवरचा भोपळा, गळ्यातली वीणा

हरिनाम सप्ताहातली पहाट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. भजनी मंडळी पांगलेली असतात, मंडपात दोन-चार म्हातारी माणसे पेंगत असतात. एकजण मात्र उभा असतो. त्याच्या गळ्यात वीणा असते. सात दिवस ती खाली टेकवायची नाही, असा रिवाज. पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला महिनाभराहून अधिक चालत जाते, तिच्याबरोबरही वीणेकऱ्याचा मान असाच मोठा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या वीणेचे पोट शेतात पिकते, हे आपल्या ध्यानात आहे का?

ते पोट म्हणजे वाळलेला कडू भोपळा. महाराष्ट्रात वीणा-तंबोऱ्यासाठी मिरज प्रसिद्ध. तिथे १८५० च्या सुमारास शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी हा धंदा सुरू केला. शस्त्रांना धार लावणारे हात तारा जुळवू लागले! २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण कारागिराला भोपळा मिळतो तो सोलापूर जिल्ह्यातील भीमाकाठच्या शेतकऱ्यांकडून. फळ पुरते पिकून, वाळून टणक व्हावे लागते. ऐन वाळण्याच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर ते कुजते आणि हंगाम वाया जातो. शेतकऱ्याने वेल लावणे सोडले, तर कारागिराची पटाशी काय करणार?

तार नुसती छेडली तर आवाज बारीक येतो. तो घोडीवाटे लाकडी तबलीत व तिथून पोकळ भोपळ्यात उतरतो आणि घुमतो. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलून पाहा, म्हणजे हे कळेल.

पोकळ पोट, त्याला जोडलेली दांडी आणि दोन्हींवरून ताणलेली तार, अशा वाद्यांचे गोत जगभर पसरले आहे. इराकच्या भूमीत सापडलेल्या ४,००० वर्षांहून जुन्या मुद्रांवर असे वाद्य वाजवणारा माणूस कोरलेला आहे. अरबांच्या वाद्याचे नाव ऊद, म्हणजे लाकूड. ते स्पेनमार्गे युरोपात गेले आणि ल्यूट झाले. चीनचा पिपा आणि जपानचा बिवा त्याच गोतातले. फारसीत ‘से’ म्हणजे तीन. सेहतारची झाली सतार. अमेरिकेतील ऊस, तंबाखू, कापसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून जे वाद्य केले, त्यातूनच बँजो निघाला. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री आधार देण्याचे काम तिथेही भोपळ्यानेच केले. लांब कशाला, जळगावहून एस.टी.ने अजिंठ्याला जा. लेण्यांतल्या चित्रांत तंतुवाद्य घेतलेले किन्नर दिसतील.

आता आपल्या गावाकडे वळू. सप्ताह उठला की वीणा खुंटीला लागते आणि वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही. मग एक तार तुटते, भोपळ्याला तडा जातो आणि पुढच्या सप्ताहाला मंडळी म्हणतात, ‘डबीतला तंबोरा लावा, बटण दाबले की झाले!’ डबी सूर देईल, पण ती पहाटे कोणाच्या गळ्यात जाणार?

म्हणून थोडी काळजी घ्या. सप्ताह झाला की तारा थोड्या सैल करा. वीणेला कापडी गवसणी शिवा. घरच्या लेकीसुनांना हे तासाभराचे काम आहे. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला आणि उन्हाळ्यात तापल्या पत्र्याखाली तिला ठेवू नका. तडा बारीक असतानाच जाणत्या कारागिराला दाखवा. आणि गावातल्या एका तरी मुलाला, मुलीला तारा जुळवायला शिकवा. बहुतेक वीणांना चार तारा असतात. मधल्या दोन एकाच सुरात, शेवटची पितळी खर्जाची, हे पोराच्या ध्यानात चटकन बसते.

बांधावर एखादा कडू भोपळ्याचा वेल लावला, तर घरच्या एकतारीपुरते फळ मिळेल. मात्र भाजीचा दुधी आणि हा एकाच जातीचे. शेजारी लावले तर संकर होतो आणि घरचे बी धरल्यास पुढल्या साली दुधी कडू निघतो. कडू भोपळा खाण्यात आला तर विषबाधा होते. तो पोरांच्या हाती लागू देऊ नका.

खाण्याला जो चालत नाही, तोच गाण्याला चालतो. फळाला अशी जागा दाखवणारा पहिला माणूस कोण होता, कोण जाणे. पण तो वेल लावणाराच असणार.