अंधारात अक्षरं चाचपणारी कात्री

पावसाळ्यात हिंगोलीहून औंढ्याकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, कापूस आणि मधूनच हळदीची रुंद पानं. पिकं शेजारी-शेजारी, मधे बांध. पण भारतात २००२ साली पहिल्यांदा मंजुरी मिळालेल्या बीटी कापसाच्या पेशीत डोकावता आलं असतं, तर हा बांध केव्हाच ओलांडलेला दिसला असता. बोंडअळीला मारणारं विष बनवणारं जनुक मातीतल्या एका जिवाणूकडून घेतलेलं. ते चालू करणारा तुकडा फुलकोबीवर रोग पाडणाऱ्या विषाणूचा. आणि जनुक संपतं तिथला पूर्णविराम सोयाबीनचा! शेजारच्या पट्ट्यातल्या पिकाचा तुकडा कापसात शिवलेला.

शिवायचं तर आधी कापावं लागतं. डीएनए कापणारी ही कात्री माणसानं घडवलेली नाही. ती जिवाणूंची आहे, आणि त्यांनी ती जीव वाचवण्यासाठी घडवली.

जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. विषाणू आपला डीएनए आत सोडतो आणि पेशी त्याचीच गुलाम होते. पण एका जातीच्या जिवाणूत फोफावणारा विषाणू दुसऱ्या जातीत शिरला की निष्प्रभ होतो, हे १९५०च्या दशकातच लक्षात आलं होतं. परका डीएनए आत कोणीतरी कापून टाकत असावं, हा माग पुढच्या दशकात वर्नर आर्बर यांनी काढला. हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७०मध्ये अशी एक कात्री शुद्ध रूपात हाती आणली. त्यांची परीक्षा मला फार आवडते. डीएनएचं द्रावण पाकासारखं चिकट असतं. त्यात जिवाणूचा अर्क घातला, तर विषाणूच्या डीएनएचं द्रावण पातळ होत गेलं. जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएचं मात्र दाटच राहिलं. लांब धागे तुटले की पाक पातळ होणारच. आर्बर, स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना १९७८चं नोबेल मिळालं.

या कात्र्यांना रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या एका वाणातली ‘इको आर वन’ ही त्यातली सर्वांत नावाजलेली. ती सहा अक्षरं शोधते: जी-ए-ए-टी-टी-सी.

‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य लहानपणी आपण उलटसुलट वाचलेलं असतं. इथली गंमत त्याहून खोल आहे. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं जातात; ए समोर टी, जी समोर सी. ही सहा अक्षरं एका धाग्यावर वाचा, मग समोरचा धागा त्याच्या स्वतःच्या दिशेनं वाचा. पुन्हा जी-ए-ए-टी-टी-सी! नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं आणि नंदी मागेच राहिला, अशी आपल्याकडची आख्यायिका. सहा अक्षरांचं हे देऊळ अर्धा फेरा फिरवलं तरी समोर तेच दार येतं. कात्रीही तशीच, दोन हुबेहूब अर्ध्यांची. जोडलेल्या हातांसारखी ती डीएनएच्या दोरावर दोन्ही बाजूंनी बसते आणि प्रत्येक हात आपापला अर्धा भाग वाचतो.

वाचते कशी, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. ती दोराचे दोन धागे एकमेकांपासून सोडवत नाही. अक्षरं आत जोडीनं बांधलेलीच असतात, पिळाच्या खोबणीत त्यांच्या फक्त कडा डोकावतात, आणि प्रत्येक जोडीच्या कडेची ठेवण निराळी. मोंढ्यावर पोतं न उघडता वरूनच हात फिरवून माल ओळखावा, तसं हे चाचपणं. नुसत्या सैल पकडीनं ती दोरावरून घसरत जाते. सहाही कडा जुळल्या की सगळे बंध एकदम बसतात, दोर वाकतो आणि कात्री आवळते. एक अक्षर जरी चुकलं, तरी कापण्याची शक्यता लाखो पटींनी घटते. आणि पातं? मॅग्नेशियमच्या मदतीनं पाण्याचा एक रेणू धाग्यावर घाव घालतो. या कात्रीची धार पाण्याची आहे.

सहा अक्षरांचा हा क्रम सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा येतो. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरं, म्हणजे हिशेबानं हजार-अकराशे ठिकाणी धोका. मग तो स्वतः कसा बचावतो? बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतात, तशी त्यालाही असते. दुसरा एक एन्झाइम प्रत्येक ठिकाणच्या ‘ए’वर मिथाइलचा बारीक ठिपका लावतो. तो कात्रीच्या बोटांना आडवा येतो. डीएनएची नवी प्रत निघते तेव्हा जुन्या धाग्यावरची तीटच काही क्षण पुरते. तेवढ्यात नव्यालाही लागते. परक्या विषाणूला तीट नसते.

इको आर वन सरळ कापत नाही. दोन्ही धाग्यांवर ती जी आणि ए यांच्यामध्ये कापते, त्यामुळे टोकाला चार अक्षरं मोकळी लोंबतात: ए-ए-टी-टी. तसंच टोक असलेला कुठलाही तुकडा, मग तो कोणाचाही असो, तिथं येऊन बिलगतो. वेगवेगळी अक्षरं ओळखणाऱ्या अशा कात्र्यांमुळेच जनुकांचे तुकडे हवे तसे जोडता येऊ लागले. बीटी कापसाचं बियाणं जालन्याच्या महिकोमार्फत २६ मार्च २००२ला मंजूर झालं, त्यामागची शिवण या विद्येची. पुढे गुलाबी बोंडअळीनं ते विष पचवायला शिकून घेतलं आणि शेतकऱ्याच्या हातची बोंडं पुन्हा किडू लागली, हेही तितकंच खरं.

बिलगलेली टोकं सांधणारा एन्झाइम वेगळा. त्यानं काम पुरं केलं की सांध्यावर गाठ उरत नाही, वण उरत नाही. इको आर वननं कापलेली दोन टोकं जुळली, की तिथं फक्त तीच सहा अक्षरं पुन्हा उभी राहतात, आणि तीट नसेल तर तीच कात्री घसरत येऊन नेमकी तिथं थांबते.