भूशास्त्रात पीएचडी करायची? तयारी बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच

सातारा जिल्ह्याला जमिनीच्या पोटातली उलथापालथ नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. हे का घडते, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला भूशास्त्र म्हणतात. पण या शास्त्रात संशोधक व्हायचे, तर एमएस्सी झाल्यावर जागे होऊन चालत नाही. पाया पदवीच्या तीन-चार वर्षांतच घातला जातो.

गणित सोडू नका

ग्रामीण भागात मुलांची नेमकी इथेच चूक होते. भूशास्त्र म्हणजे दगड ओळखणे आणि नावे पाठ करणे, असे समजून गणित, भौतिकशास्त्राला पहिल्या संधीला रामराम ठोकला जातो. भूकंपाच्या लहरी, भूजलाचा प्रवाह, खडकाचे वय, सगळीकडे गणित लागते. भूभौतिकीकडे जायचे असेल तर त्याशिवाय पान हलत नाही. म्हणून भूशास्त्रासोबत हे विषय जमतील तितके ठेवावेत. कॉलेजात भूशास्त्रच नसेल तरी घाबरू नये. भौतिक, रसायन, गणित घेतलेली मुलेही पुढे या क्षेत्रात जातात.

गावची विहीर हीच प्रयोगशाळा

नव्याने खोदलेल्या विहिरीत उतरणाऱ्या मजुराला मुरूम, मांजऱ्या आणि काळा कातळ यांतला फरक बरोबर कळतो. पाणी कुठल्या थरातून सुटते, हेही तो सांगतो. विद्यार्थ्याने तेच मोजून वहीत उतरवायचे: थराची जाडी, रंग, भेगांची दिशा, तारीख. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावातल्या पाच विहिरींची पातळी दोरी आणि टेपने दरमहा मोजली, तर दोन वर्षांत स्वतःची आकडेवारी हाताशी येते. मुलाखतीत अशी वही पुढे ठेवणाऱ्याला सांगण्यासारखे काहीतरी असते. नकाशासाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी पायथन, दोन्ही फुकट मिळतात.

सुट्टीत काय?

देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झाली तर साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करता येते. त्या शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र पुढे उपयोगी पडते. आपल्याच जिल्ह्यात कराडला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. तिने कोयना परिसरात गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ संपून खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला.

परीक्षा कोणत्या?

- आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम, त्यात भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो.
- गेट परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते.
- सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी विज्ञानाचा गट आहे. यातून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडे भत्ता.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडी प्रवेशासाठी अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे गुणही मोजले जाणार.

"पीएचडी म्हणजे अजून पाच वर्षे शिकायचे, मग घर कोण चालवणार?" हा प्रश्न घरोघरी येतो, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर जेआरएफमध्ये आहे: शिकता शिकता पगारासारखी रक्कम हाती येते. पण ती मिळवायची, तर सोडून दिलेले गणित तिसऱ्या वर्षी परत आणता येत नाही. ते पहिल्याच वर्षी धरून ठेवावे लागते.